मामीला मैदानाच्या कडेलाच बसायचं होतं

एप्रिलच्या भर दुपारी कुस्त्यांचं मैदान बघायला कोण जातं? शहाणी माणसं जात नाहीत. मी गेले, कारण कराडच्या मामीचा फोन आला. "पलूसकडं जत्रंचं मैदान हाय. मला ने गं. एकदा तरी बघू दे." माझा मामा तरुणपणी याच भागातल्या मैदानांत लढायचा. मामीनं त्याच्यासाठी म्हशी राखल्या, बदाम वाटले, तेल चोळून चोळून हात झिजवले. पण त्याची कुस्ती एकदाही बघितली नाही. बायका मैदानात जात नसत, विषय संपला. मामाला जाऊन दोन वर्षं झाली. आता तिला नाही म्हणायला माझी जीभ उचलेल होय?

साताऱ्याहून सकाळी निघाले. हायवे झकास, टोलला तेवढी रांग. कराडला मामी ठेवणीतलं इरकल नेसून तयारच होती. तिथून तासगावच्या रस्त्याला लागलो. रस्ता बरा आहे, पण गतिरोधकांना रंग नाही, तेव्हा जपून चालवा. माझं डोकं टपाला दोनदा आपटलं. वाटेत एका खानावळीत अख्खा मसूर, भाकरी आणि खर्डा खाल्ला. दोघींचं तीनशेच्या आत झालं. मी बोटं चाटत होते आणि मामी नुसती भाकरी कुस्करत बसलेली.

"अगं जेव की."

"मैदान बघितल्याबगर भूक न्हाई गं."

मैदान गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. प्रवेश फुकट, गाडी शाळेजवळ लावा आणि टोपी, पाणी घरूनच न्या. सावली म्हणाल तर औषधालाही नाही. हलगी कडाडत होती, मधोमध लाल मातीचा आखाडा, भोवती जमिनीवर फेटे आणि टोप्या दाटून बसलेल्या. आम्ही आत शिरतोय तोच छातीवर बिल्ला लावलेला कमिटीचा एक माणूस आडवा आला.

"आवं मावशी, बायकांची सोय तिकडं शाळंच्या गच्चीवर हाय."

"गच्चीवरनं निसत्या टोप्या दिसतील, बाबा. मला कुस्ती बघायचीय."

"पण हितं गर्दीत कुठं बसणार तुमी?"

"माझा मालक हितं लढलाय," मामी म्हणाली आणि मामाचं नाव सांगितलं. पाऊल काही मागं घेईना. मला तर वाटलं, आता उन्हातनं हात हलवत परतायचं. तेवढ्यात कडेला बसलेले एक म्हातारे वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. "सरका रं गड्यांनो! वैनी, या, हितं म्होरं बसा." माणसं सरकली. मामी डोक्यावरचा पदर सारखा करून आखाड्याच्या अगदी कडेला बसली.

आधी नारळाच्या कुस्त्या झाल्या. चिमुरडी पोरं जिंकून नारळ काखेत मारून पळत होती. मी हसत होते, मामीचं मात्र लक्ष मातीवरून हलेना. मग मोठ्या गड्यांची जोड लागली. एकानं दुसऱ्याला खाली घेतलं, मानेवर कोपर रोवलं आणि तो त्याचं डोकं मातीत घासायला लागला. मामीनं माझा दंड असा धरला की वळ उठले.

"कान बघ त्येचा! ह्यांचं कान असं भज्यागत झालं हुतं. इच्यारलं की म्हणायचं, 'पडलो गं जरा.' ह्येला पडणं म्हणायचं व्हय?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खालच्या गड्याला ओरडत होती, "ऊठ रं! ऊठ माझ्या राजा!" तो उठला, सुटला आणि थोड्या वेळानं हरलाच. हरून मातीत बसला, तर मामीनं आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली.

दिवे लागायच्या आत निघालो. शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती चुकली, तुम्ही चुकवू नका.

आता साताऱ्यात बसून हे लिहितेय. मैदान आवडलं का? आवडलं. उन्हानं चेहऱ्याचा पापड झाला, तरी परत जाईन. पण राहून राहून आठवतंय ते कराडला मामीला सोडलं तेव्हाचं. गल्लीत गाडी थांबली, तरी ती उतरेना.

"सगळा जलम मी दारात हुबी ऱ्हायले, ह्ये मैदानावरनं कवा येत्यात म्हणून," ती म्हणाली. "आज मी मैदानावरनं आले, तर दारात कोण न्हाई गं."

मी गाडीतून उतरले, तिच्याकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं, दिवा लावला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. ती पायरीशी आली तसं विचारलं, "काय झालं मामी कुस्तीचं?"

मामीनं पदरानं तोंड पुसलं.

"बरोबरीत सुटली," म्हणाली, आणि आत आली.