दोन हॉर्न आणि एक पडदा

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गस्तीवरचे पोलीस अधिकारी आहेत. घरात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. भरतीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांच्या आईने त्यांना 'साहेब' म्हटलं, आणि ते त्यांनी असं काही मनावर घेतलं की आता बायकोसुद्धा 'साहेब, टॉवेल बाहेर ठेवलाय' म्हणते. मीही साहेबच म्हणते. माझी म्हणायची चाल जरा वेगळी आहे, पण ते अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

माझं गणवेश शिवायचं दुकान आहे, पोलीस ठाण्याच्या अगदी समोर. त्यामुळे अख्ख्या ठाण्याची मापं माझ्याकडे असतात आणि अख्ख्या ठाण्याच्या गप्पाही. भरतीत छाती मोजतात, मग श्वास भरून फुगवायला लावतात आणि पुन्हा मोजतात. साहेबांची चांगलीच फुगली होती. तो श्वास त्यांनी अजून सोडलेला नाही, फक्त इतक्या वर्षांत तो हळूहळू कमरेकडे उतरला. दर वर्षी ते पँट सैल करायला आणतात आणि दर वेळी दोष कापडाचा असतो. 'ताई, हल्लीचं कापड फार आटतं हो,' असं ते इतक्या गंभीरपणे सांगतात की समोरच्याला कापडाची कीव यावी.

तरी अंगात गुण नव्हते असं नाही. उंची होती, नजर चांगली होती, धावण्यात पहिल्या काहींत आले होते. लेखी परीक्षेत तर त्यांनी कमाल केली. गस्त अधिकाऱ्याची कर्तव्यं सांगा, असा प्रश्न होता आणि साहेबांनी एकही सोडलं नाही. ते उत्तर अजून तोंडपाठ आहे. घरात चार माणसं जमली, जेवणं झाली, कुणी नुसतं विचारलं की 'काय, कसं चाललंय काम?' की सुरू. आपल्या हद्दीतल्या लोकांना चेहऱ्याने ओळखणे. बंद दुकानांची कुलुपं हाताने ओढून पाहणे. एकट्यादुकट्याची विचारपूस करणे. गरज वाटेल तिथे वाहनातून उतरून पायी जाणे. हे शेवटचं मी त्यांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकलंय. उतरताना मात्र त्यांना मी एकाच ठिकाणी पाहिलंय, बेकरीसमोर.

त्यांच्या हद्दीत आमच्या बाई राहतात. बाई म्हणजे आम्हा दोघी बहिणींना गणित शिकवलेल्या बाई. लग्न केलं नाही, नाकावर माशी बसू दिली नाही, आणि निवृत्त झाल्यावर एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहिल्या. लिफ्ट नाही. शेजारचं घर कायम बंद, खालच्या मजल्यावर एक प्लंबर राहतो, तो दिवसभर कामावर. मध्यंतरी वरून आदेश आला की हद्दीत जे म्हातारे एकटे राहतात, त्यांच्या दारी गस्तवाल्याने रोज जायचं, दार वाजवायचं, माणूस डोळ्यांनी पाहायचं आणि दोन शब्द बोलायचे. त्या आदेशामुळे मला साहेबांविषयी थोडा काळ आदर वाटला होता, हे कबूल करायला हवं. कारण ते खरंच जिना चढायचे.

बाईंनी दाराशी एक खुर्ची ठेवली होती, आणि दुपारी ते यायच्या सुमाराला पाण्याचा पेला भरून ठेवायच्या. साहेब बसायचे, घाम पुसायचे, बाई त्यांना पेपरातल्या बातम्यांवरून झापायच्या. मला बाई म्हणाल्या होत्या की माणूस ठोंब्या आहे, पण येतो. 'दिवसात माझ्या तोंडून निघणारे पहिले शब्द त्याच्यासाठी असतात,' असंही म्हणाल्या. बाई असलं काही बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

मग साहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरकडे जाण्याऐवजी त्यांनी एक पद्धत शोधून काढली. गाडी इमारतीखाली उभी करायची, वरचा दिवा फिरता ठेवायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा. वर बाईंनी खिडकीचा पडदा हलवायचा. पडदा हलला की वायरलेसवर सांगायचं, 'ठीक', आणि पुढे जायचं. बाकीच्या म्हाताऱ्यांनाही त्यांनी हेच शिकवलं. एका फेरीत पूर्वी होत नव्हती एवढी घरं व्हायला लागली. वरिष्ठ खूश. साहेबांची पाठ थोपटली गेली, आणि नव्या भरतीच्या पोरांसमोर, परेडच्या मैदानावर, त्यांचा सत्कार करायचं ठरलं. वर त्यांनी भाषणही करायचं होतं. विषय अर्थातच गस्त अधिकाऱ्याची पात्रता आणि कर्तव्यं. त्यासाठी नवा गणवेश माझ्याकडे शिवायला पडला होता, आणि बहीण रोज येऊन विचारत होती, 'झाला का गं?'

बाईंना ही पद्धत मुळीच रुचली नव्हती. मला काय दुकानाची पाटी समजतो का, लांबून वाचून पुढे जायला, असं त्या म्हणाल्या. तरी पडदा हलवायच्या. दाराशी ठेवलेली खुर्ची मात्र त्यांनी आत नेली.

त्या आठवड्यात बाईंनी मला एक कोट अस्तर बदलायला दिला होता आणि मंगळवारी न्यायला येते म्हणाल्या होत्या. मंगळवारी त्या आल्या नाहीत. शाळेत घंटेआधी वर्गात उभी असणारी बाई आली नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला तेव्हाच कळलं होतं, पण दुकानात त्या नव्या गणवेशाची घाई होती. बुधवारी दुपारी मात्र राहवेना. कोट खांद्यावर टाकला आणि गेले.

दार वाजवलं. आतून बारीक आवाज आला, शब्द कळेनात. खाली धावले. प्लंबर नशिबाने जेवायला घरी आला होता. त्याने पान्याने कडी उचकटली. बाई पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये जमिनीवर पडल्या होत्या, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, ओठ कोरडे पडून फुटलेले. आदल्या दिवशी सकाळी पडल्या होत्या. दीड दिवस तशाच. प्लंबरने रुग्णवाहिका बोलावली आणि तिला वाट दाखवायला तो खाली रस्त्याच्या तोंडाशी गेला. मी बाईंच्या ओठांना ओला रुमाल लावत त्यांच्यापाशी बसले.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. दोनदा.

टेबलावर पंखा चालू होता, डावीकडून उजवीकडे मान फिरवणारा. तो खिडकीकडे वळला, पडदा छान फुगला आणि खाली बसला. खाली गाडीने गिअर टाकल्याचा आवाज आला. मी धडपडत उठून खिडकीशी पोचले तेव्हा फिरता दिवा कोपऱ्यावरून वळत होता. मी ओरडले, पण तोवर गाडी गेली होती.

'गेला,' बाई म्हणाल्या. 'कालही असाच गेला. हॉर्न वाजला तशी मी हाक मारली. मला वाटलं, आता दार वाजेल.'

मला संताप आला, आणि रडूही आलं. बाईंनी माझा हात दाबला. त्यांनी, मी त्यांचा नव्हे.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले की खुबा मोडलाय, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि आणखी एक रात्र गेली असती तर शस्त्रक्रियेची वेळच आली नसती. हे ऐकून मी दुकानात परत आले. साहेब शेवटचं माप द्यायला येणार होते.

आले. आरशासमोर उभे राहिले, पोट आत घेतलं, कॉलर नीट केली, भाषणाची सुरुवात कशी करावी ते मला विचारलं. मी गुडघ्यांवर बसून पँटच्या तळाला खडूची खूण करत होते. तशीच, वर न बघता, विचारलं, 'आज बाई कशा होत्या?'

'एकदम ठणठणीत. लगेच पडदा हलवला.'

'आणि काल?'

'कालपण. म्हातारी फार शिस्तीची आहे हो, ताई.'

'बाई काल सकाळपासून जमिनीवर पडल्या होत्या,' मी म्हटलं. 'पडदा पंख्याने हलत होता. साहेब, तुम्ही दोन दिवस पंख्याची विचारपूस करून आलात.'

पोट सुटलं. आत घेतलेला श्वास बाहेर आला आणि नव्या पँटचं बटण ताणलं गेलं. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता हा माणूस विचारेल, बाई कुठे आहेत, जिवंत आहेत ना. साहेबांनी आधी दुकानाच्या दाराकडे पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं, 'हे तुम्ही अजून कुणाला बोलला नाहीत ना?'

इतक्या वर्षांत मी त्यांना पुष्कळ हसले होते. त्या क्षणी मात्र हसण्याच्याही लायकीचे वाटले नाहीत. इस्पितळ कुठलं ते सांगितलं आणि टाचण्या डबीत टाकल्या.

जायला गेले ते, एवढं खरं. फुलं घेऊन गेले. बाईंनी त्यांना काही बोल लावला नाही. पुढे एकदा बहीण आणि मी इस्पितळात बाईंपाशी असताना मीच चवताळून म्हटलं की मी ठाण्यात जाऊन सगळ्यांसमोर सांगते, होऊ दे त्या सत्काराचं वाटोळं. माझी बहीण रडायला लागली. बाईंनी मला गप्प केलं. 'तू मध्ये पडू नकोस,' त्या म्हणाल्या. 'तो काय बोलतो ते ऐकून ये. मग मी बघते.'

तर आम्ही मैदानावर गेलो. पोरं रांगेत उभी, कोवळी, छाती फुगवलेली. साहेब बोलायला उठले. मला अजूनही थोडी आशा होती, ती कशाच्या जोरावर ते मला विचारू नका. त्यांनी सगळं सांगितलं. चेहऱ्याने ओळखणे, कुलुपं हाताने ओढणे, वाहनातून उतरणे, एकही कर्तव्य सुटलं नाही. मग आपली पद्धत सांगितली, दोन हॉर्न आणि एक पडदा. टाळ्या पडल्या. वरिष्ठांनी ती सगळ्या हद्दींना लागू केली. आता कुठल्याही गल्लीत दुपारी दोनदा हॉर्न वाजतो आणि वर कुणाचा तरी पडदा हलतो, कधी हाताने, कधी कशाने ते कोण बघतंय. गणवेश मात्र अंगावर सुरेख बसला होता, हे मला शिवणारी म्हणून सांगावंच लागेल.

मी बाईंना शब्दन् शब्द सांगितला. त्या 'हं' म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

बऱ्याच दिवसांनी बाई घरी आल्या, हातात वॉकरच्या चौकटीचा आधार घेऊन. त्यांच्या एका भाचीने आपल्याकडे चला म्हटलं, त्या गेल्या नाहीत. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी गेले तेव्हा खोलीत नको एवढा उजेड होता. खिडकी उघडी बोडकी होती आणि पडदा खाटेवर घडी करून ठेवलेला. 'याच्या पिशव्या शिव,' बाई म्हणाल्या. 'मजबूत कापड आहे.' दाराशी ती खुर्ची परत आली होती. पाण्याचा पेला मात्र नव्हता.

दुपार झाली. खाली दोनदा हॉर्न वाजला. बाई खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उठायला गेले तर त्यांनी नुसता हात वर केला, वर्गात करायच्या तसा. पुन्हा दोनदा वाजला. मग एक लांब. मग थोडा वेळ काहीच नाही. गाडी जातेय की काय म्हणून मी कान देऊन होते, आणि बाईंकडे बघितलं तेव्हा कळलं की त्याही तेच ऐकत होत्या. त्यांनी चौकटीचा दांडा घट्ट धरला होता.

गाडीचं दार आपटलं.

मग जिन्यात पावलं वाजायला लागली. एका मजल्यावर थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. साहेबांची धाप आम्हाला घरात बसून ऐकू येत होती. शेवटी ती दारापाशी आली आणि तिथेच घुटमळत राहिली. मला त्यांची कीव आली असेल, किंवा लवकर संपवावं असं वाटलं असेल. मी कडीकडे हात नेला.

'उघडू नकोस,' बाई म्हणाल्या. 'आधी वाजवू दे.'