धरणावरचा पंखवाला

मंगरूळपीरला माझ्या मित्राचं कृषी केंद्र आहे. काउंटरवर कोपर टेकून तो गिऱ्हाइकाला दम देतो, "दोन औषधं एकत्र मारू नका. मंग कोन्त्या औषधानं काम केलं, ते समजत नाई."

रविवारी धरणावर मात्र हाच माणूस वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून पळायचा खेळ खेळतो, आणि सामानातल्या तीन-तीन गोष्टी एकदम बदलतो. पायाखाली बोर्ड, बोर्डाखाली दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यातला पंख आणि हातात हवा भरलेला मोठा पंख. वारा भरला की बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो आणि सुसाट पळतो, असं मोबाइलवर दिसतं. आमच्याकडे वारा सुटतो तेव्हा धरणाचा तळ दिसत असतो. दांडा गाळात रुततो आणि हा एकटाच पुढे जातो.

वेग मोजायला त्यानं दंडाला मोबाइल बांधलेला असतो. आकडा अजून म्हशीच्या चालीपुढे गेलेला नाही. चिखलातून उठला की म्हणतो, "दांडा लांब झाला." स्वतःच्या सुटलेल्या पोटाचं नाव कधीच निघत नाही. मी आपला पाना धरून उभा.

मागच्या रविवारी त्यानं पाण्यातला रुंद पंख, आखूड दांडा, नवा बोर्ड असं सगळंच लावलं, आणि बोर्ड पाण्याच्या वर उचलला गेला. भिंतीजवळच्या खोल पाण्यात तो असा सुटला की काठावर चरणाऱ्या म्हशींनी माना वळवल्या. मला चक्क हेवा वाटला.

तो धापा टाकत काठावर आला. म्हशींचा मालक त्याचंच गिऱ्हाईक. मालकानं बिडी विझवली आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, कोन्त्या औषधानं काम केलं?"

मित्रानं माझ्या हातातला पाना घेतला आणि सगळं खोलायला बसला.