अप्पांची अर्धी प्रदक्षिणा

विश्वनाथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या स्टेशनवर गावाकडे परतणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो. त्या क्षणी मनात पहिल्याने दुःख आले नाही, हे कबूल केले पाहिजे. आता ते सांगायचे राहूनच गेले... एवढेच आले. दीड वर्षापूर्वी मी अप्पांशी एक खोटे बोललो होतो आणि त्याची कबुली रोज उद्यावर ढकलत आलो होतो.

आमच्या गावाच्या जुन्या तटबंदीवर, गोदावरीच्या अंगाला, आता बाग आहे. बुरुजांवर बाकडी, तटावरून गोल फिरणारी फरशीची वाट आणि मधोमध महादेवाचे लहानसे देऊळ. अप्पा कापडाचे व्यापारी, मी शाळामास्तर. दुकान उघडण्यापूर्वी आणि शाळा भरण्यापूर्वी आम्ही तिथे फिरायला जात असू. अप्पांचे म्हणणे असे, की देवळाभोवती फिरले की ती प्रदक्षिणाच. मग ती हातभर अंतरावरून घाला, नाहीतर तटावरून. आणि महादेवाच्या अभिषेकाचे पाणी तर ओलांडायचे नसते. ते पाणी नेणारी दगडी पन्हळ नेमकी आमची वाट छेदून नदीकडे जात असे. रुंदी जेमतेम एक वीत. मी ती ओलांडून पलीकडच्या बाकावर बसे. अप्पा मात्र तिथून मागे फिरत आणि सबंध तट उलटा चालून पन्हळीच्या दुसऱ्या काठाला, म्हणजे माझ्याजवळ, येत. एकदा जावयाच्या रुसण्याची हकिकत ऐन रंगात आली असताना पन्हळ आली. "थांबा मास्तर, पुढचं तिकडून येऊन सांगतो," म्हणून ते गेले. अर्ध्या तासाने धापा टाकत आले आणि "तर तो मला म्हन्ला..." इथून त्यांनी सुरुवात केली.

"पाप लागायलंय तुमाला, मास्तर," ते मला बजावत.

"लागू द्या अप्पा, गुडघे तरी शाबूत राहतील."

पुढे त्यांचे गुडघे खरोखरच धरले. डॉक्टरांनी चालणे कमी करा म्हणून सांगितले. अप्पांनी ते ऐकून घेतले, एवढेच. एका सकाळी त्यांचे लंगडणे मला पाहवले नाही. खरे सांगायचे तर बाकावर बसून बसून मी कंटाळलोही होतो. मी म्हणालो, "अप्पा, देवळाचं पाणी आता नळीनं दुसरीकडं सोडलंय. यातून नुसतं बागेचं पाणी जातं." अप्पांनी माझ्याकडे पाहिले, मग पन्हळीकडे पाहिले. नेमके त्याच वेळी तिच्यातून बेलाचे एक पान वाहत गेले. "मास्तर मानूस खोटं कशाला बोलंल," असे म्हणून त्यांनी धोतर सावरले आणि पाऊल पलीकडे टाकले.

त्यानंतर ते रोज माझ्यासोबत ओलांडू लागले आणि मी रोज मान खाली घालून चालू लागलो. एका श्रद्धाळू माणसाचा जन्माचा नेम मी स्वतःच्या सोयीसाठी मोडला होता.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी वहिनींपुढे, म्हणजे अप्पांच्या पत्नीपुढे, बसलो आणि सगळे सांगून टाकले.

"मोडला कुठं नेम?" वहिनी म्हणाल्या. "त्याच दिवशी पुजाऱ्याला इचारून आले की ते, पानी देवळाचंच हाय म्हनून."

"मग ओलांडत का होते?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून. आन् दुपारी दुकान झाकून एकटेच जायचे, पन्हळ न ओलांडता दोन फेऱ्या घालून यायचे. एक सकाळच्या चुकीची, आन् वर एक तुमच्या पापाची."

ज्या गुडघ्यांसाठी खोटे बोललो, त्यांनाच मी भर दुपारी तट तुडवायला लावले होते... "अप्पांची माफी आता कशी मागू, वहिनी?" एवढेच कसेबसे म्हणालो.

"त्यांची कशाला मागायलाव? रोज दिवेलागणीला गुडघे मी चोळले. मागायची तर माझी मागा!"

मी मागितली. त्यांनी खिडकीतली तेलाची बाटली उचलून माझ्यापुढे ठेवली. तळाशी बोटभर तेल उरले होते.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या, "आता तुमालाच लागंल."