परतलेल्यांची यादी

साधना वरोऱ्याची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन जंगलाकाठच्या गावात आली आणि नाक्याशेजारी वनसमितीच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसू लागली. सून खुर्ची उबवते नि शेण मी काढते, असं सासू अंजनाबाई चारचौघींत सांगायची. पण सकाळी सुनेचा डबा तीच भरायची.

मोहफुलांच्या दिवसांत गाव पहाटेच जंगलात शिरायचं. नाक्यावरचा डोमा जाणाऱ्या-येणाऱ्याची नोंद मोबाइलवर करायचा. साधनाच्या पडद्यावर त्या दिवशी जंगलात गेलेल्या एकेका नावाच्या पोटात हंगामभराच्या नोंदींचा तक्ता मिटलेला असायचा. त्या दुपारी तिनं घाईत सगळे तक्ते एकदम उलगडले आणि मग त्यातल्या आजच्या परतीच्या नोंदी तेवढ्या ठेवल्या. समोरच्या प्रत्येक नावापुढे परतल्याची वेळ होती. सगळे आले, असं तिनं डोमाला सांगितलं. त्यानं गावाला तसंच सांगून नाका लावला.

ऊन उतरताना बकऱ्या चारणाऱ्यांना फुलं वेचायला गेलेला मनसाराम मेलेला सापडला. मान फोडलेली, एक मांडी वाघानं खाल्लेली. गाव दांडे घेऊन नाक्यावर आलं.

"सगळे आले म्हनला होतास ना बे?" असं विचारत साधनाच्या नवऱ्यानं, धनराजनं, डोमाच्या नडगीवर पहिला दांडा घातला. हाड मोडल्याचा आवाज खोलीत ऐकू आला. मग कोणाचा दांडा कुठं पडतोय ते कळेना. डोमानं डोकं वाचवायला हात वर केला, तो हातही मोडला.

आत साधना यादी धुंडाळत होती. मनसारामचं नाव यादीत नव्हतंच. सगळे डबे जमिनीवर ओतून डाळ वेचली, तर कोणत्या डब्यात डाळ नव्हती ते कसं कळणार? डाळ डब्यातच बघायला हवी होती. तिनं आधी प्रत्येक नावाच्या तक्त्यात शिरून आजची परतीची नोंद तेवढी ठेवली, मगच तक्ते उलगडले. आता एकही नाव गळलं नाही. नोंद नव्हती तिथं जागा कोरी राहिली. मनसारामपुढे कोरी. खाली अंजनाबाईपुढेही कोरी.

सासू फुलं वेचून जंगलातूनच पलीकडच्या गावी लेकीकडे, जयाकडे, जाणार होती. म्हणून घरी कोणी वाट पाहत नव्हतं. साधनानं जयाला फोन लावला. माय आलीच नव्हती.

ती बाहेर धावली, दांड्यांच्या मधे शिरली. "डोमाले सोडा. यादी म्या केली."

धनराजनं तिच्या तोंडावर हात मारला. दात ओठात रुतला. रक्त थुंकून ती म्हणाली, "मारा मंग. पन माय जंगलात हाये. जयाकडं पोचली नाई."

दांडे थांबले. अंजनाबाई कोणत्या वाटेनं गेली, हे तिला नाक्यातून आत सोडणाऱ्या एकट्या डोमालाच माहीत होतं. ज्यांनी त्याला झोडपलं त्यांनीच त्याला खाटेवर घालून उचललं. शाबूत हातानं तो वाट दाखवत राहिला. साधना मागून निघाली.

अंजनाबाई मोहाच्या झाडावर, बेचक्यात अडकून होती. पोटरी सोललेली, लुगडं रक्तानं कडक झालेलं. वाघ बुंध्याशीच होता. डबडी बडवली, पेटते बोळे फेकले, तेव्हा तो उठला आणि जाता जाता एकाची पाठ फाडून गेला.

पाठ फाटलेला चालू शकत होता, पण खाट एकच होती. तिच्यावर अंजनाबाईला घातलं. डोमा खाली जमिनीवरच राहिला. साधनानं नवऱ्याच्या हातातला दांडा काढून घेतला नि झुडपात फेकला. धनराज खाली बसला. डोमाला त्यानं पाठुंगळी घेतलं, आणि गाव येईपर्यंत डोमा त्याच्या कानाशी कण्हत राहिला.