डाव्या बाजूची सुई

रायपूर राजधानी झालं आणि अख्ख्या शहराचा आवाज वाढला. वाढला नाही तो फक्त माझ्या मामेसासऱ्यांचा. वास्तविक आवाजाची सगळ्यात मोठी ताकद त्यांच्याच तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात होती. रेल्वेच्या नोकरीत असताना निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेला तो परदेशी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागत. त्याला आवाज कमीजास्त करायचं बटणसुद्धा नव्हतं. ते काम दुसऱ्या डब्याचं, याने फक्त ताकद पुरवायची. पोटात दोन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचा संसार पूर्ण विभक्त. गाण्याआधी यंत्र तापेपर्यंत पाहुण्याने अर्धा तास गप्प बसायचं. "बसा जावईबापू, तापून राहिला," एवढंच मामा बोलत. समोर काचेआड हिरवट उजेडात डाव्या-उजव्या बाजूचा आवाज दाखवणाऱ्या दोन सुया डोलत, पण त्यांच्यावर त्यांनी पुठ्ठा लावला होता. "सुया पाहून गाणं ऐकणारे मंत्र्याच्या गाडीचा दिवा पाहून नमस्कार करतेत."

मग डावी बाजू गेली. विभक्त असल्यामुळे उजवी गात राहिली. पण डावा स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशी, मामीच्या हक्काचा. गोल बाजारातला मेकॅनिक म्हणाला, "अंकल, मिलता-जुलता ट्रांजिस्टर लगा देता हूँ, चलेगा."

"चालाले बैलगाडीबी चालते," मामा म्हणाले. त्यांना मूळ नगांची, एकमेकांशी जुळणारी जोडीच हवी होती.

"उजवा उचलून इकडे ठेवा नं, काहून हट्ट करून राहिले?" मामी म्हणाली.

"तुले तुह्या वाट्याचंच भेटन. उसनं नाही."

जुने सुटे भाग विकणाऱ्यांशी चार वर्षं पत्रव्यवहार चालला. तेवढ्यात शहरातल्या पाट्या बदलल्या, मंत्री बदलले; मामांनी तीन जोड्या नापसंत केल्या. चौथी पसंत पडली, बसली, आणि मला बोलावणं आलं. अर्धा तास गप्प बसलो. गाणं सुरू झालं आणि मामांचा चेहरा उतरला.

"घोळ झाला. सगळं उजवीकडूनच येऊन राहिलं."

मी आणि मामीने एकमेकांकडे पाहिलं. डावा स्पीकर स्वच्छ गात होता. मामीने कणकेचे हात पुसले, उठून पुठ्ठा काढला. दोन्ही सुया बरोबरीने डोलत होत्या. मामा बराच वेळ डावीकडच्या सुईकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी हळूच डाव्या कानाला हात लावला. चार वर्षं उजवीच बाजू वाजत होती. हा कान कधी गेला, त्यांनाही कळलं नव्हतं.

पुठ्ठा पुन्हा लागला नाही. अर्धा तास गप्प बसायचा नियम मात्र कायम आहे. गाणं सुरू झालं की मामा सुईकडे पाहतात आणि मधूनच दाराकडे वळून विचारतात, "येऊन राहिलं नं?"

मामी आतून म्हणते, "हव."