वेताच्या जाळीमागचा वास

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती माझ्या पोटातलं बहुतेक सगळं न सांगता ओळखते. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या घरी येऊन त्या स्पीकरांवरून हात फिरवणार नाही.

आमच्या रेवदंड्याच्या घरात पुढच्या खोलीत दोन बाजूंना दोन स्पीकर उभे आहेत. कमरेच्याही वर येतील एवढे उंच, शिसवी लाकडाचे, खाली पितळी पाय, समोर वेताची बारीक जाळी. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. कुठे मिळाले, विचारतो. मी म्हणतो, घासाघीस केली, मिळाले. लोक हसतात. माझी घासाघीस सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. पण ती घासाघीस नव्हती. मग काय होतं? — थांबा, आधी त्या ओटीबद्दल सांगायला हवं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आसपासची गोष्ट. चौलच्या बापूसाहेबांकडे — नारळी-पोफळीची मोठी वाडी त्यांची — बॅटरीवर चालणारा रेडिओ आला होता. संध्याकाळी लोक ओटीवर बसून ऐकायचे. मी तेव्हा सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचो. एकदा पाटी कुंपणाबाहेर ठेवली, हातपाय धुतले आणि ओटीच्या कडेला जाऊन टेकलो. गाणं नुकतं लागलं होतं. बापूसाहेबांनी नाक वर केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कोण रे तो? सुकटीवाला ना? ऊठ, रस्त्यावर जा. घर धुवायला लावशील आम्हाला."

लोक हसले. मी उठलो. रस्त्यावरच्या चिंचेखाली उभा राहिलो आणि तिथून ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. वाटलं, बघ, तू हाकललंस तरी मी ऐकलंच! तेवढीच माझी जीत. बाकी ते हसणं मी जपून ठेवलं — एखादा दागिना जपावा तसं.

पुढे पाटी गेली, वखार आली, लॉरी आली. गावात वीज आली तेव्हा ठरवलं, नुसता रेडिओ नाही. तबकड्यांचं चांगलं यंत्र घ्यायचं आणि जमिनीवर उभे राहणारे स्पीकर. मुंबईतली दुकानं पालथी घातली. आवाज चांगला तर रूप नाही — काळी, भकास खोकी. एक जोडी घरी आणून पाहिली, तर बायको म्हणाली, "ह्ये काय आणलंत? बर्फाच्या पेट्या हायत का काय?" परत केली. घरात शोभले पाहिजेत, बघणाऱ्याला पुढे बोलवेना असे पाहिजेत. बघणारा म्हणजे कोण, हे तुम्हाला कळलं असेलच.

आणि नारळांचा सौदा करायला गेलो तेव्हा तसे स्पीकर बापूसाहेबांच्याच घरात दिसले. आता मला तिथे खुर्ची मिळत होती. जावयाने मुंबईच्या कारागिराकडून करवून घेतलेले. आवाज असा, की गाणारा माणूस खोलीत उभा आहे. बापूसाहेबांची थोरली बहीण, माई, भिंतीला टेकून ऐकत होत्या. विधवा बाई, दृष्टी गेलेली. दिवसभर तिथेच बसायच्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. विचारलं, विकता का? बापूसाहेब हसले. तेच हसणं. "तुला कशाला रे? वर बोंबील वाळत घालायला?"

तिथे सोडून देता आलं असतं. सोडलं का मी?

पुढच्या खेपेला किडक्या होडीच्या फळीचा भुसा मुठीत घेऊन गेलो. बापूसाहेब पानाचं तबक आणायला आत वळले, आणि मी तो स्पीकरांच्या पायाशी सोडला. ते आले तसा वाकून म्हणालो, "बापूसाहेब, भुंगा लागलाय. इथून वाशांना जाईल." त्यांचा चेहरा उतरला. घर पोखरलं जाईल म्हटलं, की आमच्याकडे माणूस शहाणा राहत नाही. उपायही मीच सांगितला — होडीला लावतात ते तेल, आतून दोन हात. त्यांना वाटलं, उंडीच्या बियांचं. चौलात ते सगळ्यांना ठाऊक. पण आमच्याकडे होडीला मुशीचंही तेल लावतात. मुशी म्हणजे मोठा मासा, त्याच्या यकृताचं. हे त्यांना कोण सांगणार? मी उंडीच्या तेलात ते मिसळलं आणि माझ्याच माणसाकडून खोक्यांना आतून लावून दिलं. आधी उंडीचाच वास आला. मग उन्हं तापली.

शुद्ध शाकाहारी घर, पलीकडे देवघर. आमच्या घरात मासळीचा वास मारतो, हे बापूसाहेब कोणाला सांगणार? स्पीकर गोठ्यात गेले. काही दिवसांनी निरोप आला — उचलून ने. कोणी केलं, ते त्यांना कळलं असणारच. कळावं अशीच माझी इच्छा होती. त्या माणसाचं मला आजही वाईट वाटत नाही. लागलं असेल घर धुवायला, धुवू दे.

मग हे सांगतोय कशाला?

गाडी घेऊन गेलो तेव्हा माई गोठ्यात बसल्या होत्या. जमिनीवर, एका स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकून. पावलं ऐकून म्हणाल्या, "आलास? वासाचं काय रे, मला चालला असता. पण माझं कोण ऐकतंय?" मग म्हणाल्या, "तू तोच ना, ओटीवरून उठवलेला? मी तेव्हा रेडिओचं तोंड रस्त्याकडच्या खिडकीला फिरवलं होतं. आवाज वाढवला. बापू केवढा चिडला माझ्यावर! आलं का रे तुला ऐकू, तिथवर?"

इतकी वर्षं मी जी माझी जीत समजत होतो, ती त्यांनी दिलेली होती. हो — एवढंच म्हणायचं होतं. आणि स्पीकर तिथेच ठेवून रिकामी गाडी परत न्यायची होती.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नाही माई. काही ऐकू आलं नाही."

त्यांनी जाळीवरून हात काढला. "असू दे," म्हणाल्या. माझ्या माणसांनी स्पीकर गाडीत चढवले.

माई आता नाहीत. स्पीकर मी उन्हात ठेवले, घासले, पॉलिश केले, वास गेला. दिसतात सुंदर. बायको रोज पुसते. गाणं लागलं की मी उठून मागच्या पडवीत जातो. तिथेही ऐकू येतंच.

चिंचेखाली मला शब्दन् शब्द ऐकू आला होता.