चिखलाचा रंग

अर्जदार मी, गैरअर्जदार शेजारचे इनामदारसाहेब, जे हौसेने दर रविवारी मैदानात रोमन शिपाई होऊन लढतात, साक्षीदार माझी पत्नी. शिवणीचे टाके पाहायला म्हणून नेलेली माझ्या वडिलांची चामडी पिशवी त्यांनी परस्पर काळी रंगवून आपल्या शिपाईवेशाच्या खांद्याला लावली. "अहो, उत्खननात सापडलेलं रोमन कातडं काळंच आहे!" असे वर मलाच ऐकवले. शतकानुशतके दलदलीत पडलेले कातडे काळे होणारच. या विद्वानांनी चिखलाच्या रंगालाच शिपायाच्या कातड्याचा रंग मानला. उद्या माझी हाडे सापडली, तर मी जन्मभर मुकाच होतो, असेही ठरवतील. वडिलांच्या तळहाताने तांबूस झालेला पिशवीचा पट्टा आता कोणाच्याच हाताचा राहिला नाही. तो रंग कसा परत देणार, याचा लेखी खुलासा व्हावा, ही विनंती.